माशाच्या ओठातली बाळी

मार्गशीर्ष लागला की आसेगावच्या नानाजीचं कशातच मन लागत नसे. कापूस बोंडाबाहेर लोंबत असे, ज्वारीच्या कणसांवर पाखरं तुटून पडत, गावात कुणाला डोकं खाजवायला फुरसत नसे, आणि हा बाबा आपला बांधावर उभा, वाऱ्याकडे तोंड करून. कुणी हटकलंच तर म्हणे, "तिकडे आता पानी तापलं असन."

तिकडे म्हणजे फिजी बेटावर. आसेगावच्या लोकांना मंगरूळचा बाजार ठाऊक होता, कारंज्याची आगगाडी ठाऊक होती, आणि त्यापलीकडे सगळं धुकं. नानाजी मात्र त्या धुक्यातून जाऊन आलेला माणूस. ऐन जवानीत बापाशी भांडून तो मुंबईला गेला, तिथे कुणा दलालाच्या गोड बोलण्याला भुलला आणि बोटीत बसून समुद्रापार उसाच्या मळ्यात जाऊन पडला. घरी लग्नाची बायको होती, लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. परत आला तेव्हा बाप मेलेला, आई मेलेली, आणि बायकोच्या केसांत पांढरं शिरलेलं.

ही बायको म्हणजे प्रयागबाई. बाई काटक, बोलायला तिखट, वावर एकटीनं सांभाळलेली. तिला दुसरा पाट लावायला भावांनी काय कमी हातपाय जोडले? तिनं प्रत्येक पाहुण्याला चहा-गूळ देऊन वाटेला लावलं. आणि ज्याच्यासाठी एवढं केलं तो एका दुपारी अचानक दारात उभा राहिला, हातात लांब काठी, काठीला दोरी गुंडाळायची पितळेची फिरकी. दूरच्या गावाहून कुणीही आलं तरी आधी पाय धुवायला पाणी ठेवायचं, एवढी साधी रीत. शत्रू आला तरी ठेवतात. तिनं ठेवलं नाही. डोक्यावरचा कडब्याचा भारा टाकला, त्याच्या बाजूनं आत गेली आणि चूल पेटवली. तोही तसाच धुळीच्या पायांनी आत आला. त्या गोष्टीला आता तीन मार्गशीर्ष होत आले होते, आणि ते न ठेवलेलं पाणी अजून तिच्या छातीत सलत होतं.

नानाजी वाईट माणूस नव्हता, हे मात्र सांगून टाकलं पाहिजे. काम करी, भांडत नसे, दारूला शिवत नसे. फक्त तो पुरता आलेला नव्हता. जेवता जेवता त्याचा हात थांबे, आणि मग तो सांगू लागे.

सांगे ते मोठं नवलाचं असे. उसाच्या मळ्यावरून त्याला एका म्हाताऱ्या गोऱ्या साहेबानं आपल्या नावेवर घेतलं. साहेबाला एकच नाद, मासे खेळवण्याचा. आषाढ-श्रावणात तिकडे उलटं असतं, गार वारा सुटतो, लाटा खडकावर आपटत राहतात, नाव वाळूवर पालथी घालून ठेवायची. दिवाळी गेली की वारा पडतो. पाणी हळूहळू कोमट होतं, हात बुडवला तर आंघोळीच्या पाण्यासारखं. मग खोल दर्यातले मोठे मासे किनाऱ्याजवळ येतात. चोच तलवारीसारखी, पाठीवर निळा पंख उभा केलेला. पाऊस पडला की नदीचं गढूळ पाणी समुद्रात शिरतं, आणि जिथे गढूळ संपून निळं सुरू होतं तिथे पाण्यावर एक रेघ दिसते, बांध घातल्यासारखी. मासे त्या बांधाला धरून उभे असतात. वर पाखरं घिरट्या घालतात. फाल्गुन-चैतापर्यंत हा हंगाम, त्यातच कधी आभाळ काळं झालं की जीव मुठीत घेऊन माघारी पळायचं.

"अन् मासा लागला का?" पारावर शालिग्राम विचारी. शालिग्राम शेजारी, गाडीबैलवाला, थट्टेत पटाईत. उत्तर त्याला पाठ होतं, तरी विचारायचाच.

"लागला का खेळवायचा. ढील द्यायची, मंग ताणायचा. मंग पुन्हा ढील. दुपार होऊन जाते."

"अन् मंग?"

"मंग नावेजवळ आला का गळ काढायचा अन् सोडून द्यायचा."

"सोडून द्यायचा!" शालिग्राम मांडीवर थाप मारी. "ताटावर बसायचं अन् न जेवता हात धुवायचे! आन् यासाठी मानूस समुद्रापार जाते बाप्पा!"

पार हसे. नानाजीही हसे. दूर उभी राहून ऐकणारी प्रयागबाई मात्र हसत नसे. लावायचा, खेळवायचा आणि सोडून द्यायचा. ते आपल्याला चांगलंच माहीत आहे, असं तिच्या मनात येई, आणि ती पदर खोचून घराकडे वळे.

पण खरी गंमत अशी की त्या समुद्रानं तिलाही सोडलं नव्हतं. कापूस वेचताना तिला कपाशीच्या दोन ओळींमधून नाव गेल्यासारखी वाटे. त्यांच्या वावरात कपाशीला लागून जवसाचा तुकडा होता. मार्गशीर्षात जवस फुलला की सकाळच्या प्रहरी सगळा तुकडा निळा होई आणि वारा आला की ती निळाई एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलत जाई. एकदा नानाजी तिथे उभा राहून हळूच म्हणाला, "असंच. असंच दिसते पाह्य." तिनं पाहिलं. निळा जवस जिथे संपत होता तिथे काळी नांगरट सुरू होत होती, मधे सरळ रेघ. त्या रेघेला धरून मासे उभे आहेत, असं क्षणभर तिला दिसलंसुद्धा. दुपारी फुलं गळून गेली आणि तुकडा हिरवा झाला, तरी तिच्या डोळ्यांतलं निळं काही उतरलं नाही. तिला राग आला तो याचाच. ज्या पाण्यानं आपला माणूस नेला, ते पाणी आपल्याला आवडावं, ही काय तऱ्हा?

या मार्गशीर्षात मात्र त्यानं सरळच सांगितलं. ताटावरून उठताना म्हणाला, "प्रयाग, मी जाऊन येतो. एक हंगाम. शालिग्रामची कापसाची गाडी कारंज्याले जाऊन राह्यली, तिच्यावर बोचकं टाकतो."

"जाऊन येतो," ती म्हणाली. "मांगंबी असंच म्हनलं होतं."

त्यानं हात धुतले. मग म्हणाला, "जायच्या दिवशी पहाटे एकडाव डोहात गळ टाकू दे. तीन वर्सं तू नाही म्हनते. मारत नाही ना मी. सोडून देईन."

अडाण नदीचा तो डोह गावापासून हाकेच्या अंतरावर. त्यातले मासे देवाचे. बाया सोमवारी ज्वारीच्या पिठाच्या गोळ्या टाकत, मोठमोठ्या सोनेरी पाठी वर येत, आणि त्यांना कुणी हात लावत नसे. नानाजीनं खाली उथळात गळ टाकून बोटाएवढे मासे पकडून सोडले होते, डोहाकडे तो आस लावून पाही. प्रयागबाई दरवेळी देवाचं नाव पुढे करी. पण तिचं कारण देव नव्हतं. तिचं कारण त्या डोहात फिरत होतं.

तो गेला त्या साली ती रडून रडून अर्धी झाली होती. तेव्हा नदीकाठची म्हातारी रुपाबाई भोईण तिला उथळात घेऊन गेली. ओंजळीएवढा एक मासा तिनं लुगड्याच्या पदरात धरला आणि म्हणाली, "कानातली बाळी काढ." प्रयागबाईनं चांदीची बारीक बाळी काढून दिली. रुपाबाईनं ती माशाच्या वरच्या ओठात अडकवली आणि मासा डोहात सोडला. "परमुलखात गेलेल्या मानसाचं असंच करते आमच्यात. ही बाळी त्याच्या ओठात राहीन तोवर तुह्या नवऱ्याले इकडची ओढ राहीन. पन ध्यानात ठेव. तो घरी आला का बाळी काढून घेजो. अन् काढली का मांगं वळून पाहू नोको, घरचा उंबरा ओलांडस्तोवर. नाही काढली त मानूस घरी येऊनबी माश्यावानीच राह्यते, घिरट्या घालत."

नंतर रुपाबाई मेली. ही गोष्ट प्रयागबाईशिवाय कुणाला ठाऊक राहिली नाही. दर सोमवारी ती गोळ्या टाकी आणि वर आलेल्या तोंडांत आपली बाळी शोधी. चांदी काळी पडत गेली, मासा वाढत वाढत कोपराएवढा, मग हाताएवढा झाला. आणि नवरा खरंच परत आला.

बाळी काढायची होती. तिनं काढली नाही. आधी रागानं काढली नाही, भोगू दे म्हणून. मग भीतीनं. बाळी काढली आणि ओढच तुटली तर? हा माणूस आपल्यासाठी थोडाच थांबलाय, त्या ओठातल्या चांदीसाठी थांबलाय, असं तिला वाटू लागलं. त्याला घिरट्या घालताना पाही, वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिलेला पाही, आणि मनात म्हणे, हे माझंच करणं आहे. अर्धा का होईना, घरात आहे. अर्ध्यावर तिनं तीन वर्षं काढली होती.

आता तो बाळीला न जुमानता निघाला होता. म्हणजे बाळीत जोर नव्हता? की डोहातला मासाच म्हातारा झाला होता? प्रयागबाईला काही उमगेना. कापूस वेचता वेचता तिच्या हातात बोंडाचं काटेरी टरफल घुसलं तरी तिला कळलं नाही. शेवटी ती म्हणाली, "टाका गळ. पन मीबी येते." आपण जवळ राहायचं आणि बाळीवाला मासा गळाला लागू द्यायचा नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.

जायच्या दिवशी शालिग्रामनं कापसानं भरलेली गाडी वाटेच्या फाट्यावर उभी केली. तिथून एक वाट गावात वळते, दुसरी कारंज्याकडे. नानाजीचं बोचकं गाडीत ठेवून झालं. "मासा खेळवून या लवकर," शालिग्राम म्हणाला. "नाहीतर तुमच्या पायी माहे बैल खेळवत बसा लागन." नवरा-बायको दोघं नदीकडे गेली.

डोहावर धुकं होतं. पाणी दिसत नव्हतं, नुसतं आहे असं जाणवत होतं. ऊन वर आलं तसं धुकं पातळ झालं आणि डोह एकदम समोर उघडला, एवढा निळा, की प्रयागबाईला आपण आसेगावात आहोत याचा विसर पडला. नानाजीनं गळ दाखवला. त्याचा उलटा काटा घासून घासून गुळगुळीत केलेला होता. "साहेबाची शिकवन. माशाले लागते, पन फाडत नाही." तिनं मळून आणलेली पिठाची गोळी त्यानं गळाला लावली, काठी मागे नेऊन अलगद झटका दिला, आणि दोरी हवेतून लांब जाऊन पाण्यावर टेकली.

एकेक गोळी पाण्यात विरघळत गेली, बराच वेळ काही झालं नाही. पाणकावळा एका दगडावर पंख वाळवत बसला होता. नानाजीचा चेहरा असा निवळला होता की तिला वाटलं, लग्नानंतर हाच चेहरा होता, हाच. तिला त्या चेहऱ्याची भयंकर माया आली. मग तो म्हणाला, "धर जरा. गोळ्या संपल्या, पीठ मळून आनतो," आणि काठी तिच्या हातात देऊन उथळाकडे गेला.

काठी हातात आली आणि दोरी ताठ झाली.

तिनं नुसतं "अगं माय!" केलं. कुणीतरी पाण्याखालून तिचा हात धरून ओढत होतं. फिरकी करकरत सुटली. तिनं दोन्ही पाय रोवून काठी उराशी धरली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून मागे खेचली.

"ढील दे!" नानाजी पिठाच्या हातांनी धावत आला. "प्रयाग, ढील दे! तुटन!"

"जाईन तो!"

"जाऊ दे. जाते, अन् येते. ढील दे!"

तिनं बोटं सैल केली. फिरकी भिरभिरली, दोरी पार डोहाच्या मध्यात गेली आणि थांबली. "आता वळव. हळू." तिनं वळवलं. जड काहीतरी तिच्याकडे यायला निघालं. मग पुन्हा ओढ, पुन्हा ढील. नानाजीनं काठीला हात लावला नाही, फक्त तिच्या कानाशी सांगत राहिला, आणि काही वेळानं त्याला सांगावंही लागेना. दोरीतून त्या जिवाची प्रत्येक हालचाल तिच्या तळहाताला कळत होती. एवढा लांब, पाण्याखाली, न दिसणारा, आणि तरी हातात. अशी ओढ तिच्या हाताला नवी नव्हती. तो परमुलखात होता ती सगळी वर्षं तिनं हेच तर धरून ठेवलं होतं. तिच्या डोळ्यांना धार लागली आणि तिनं ती पुसली नाही.

मासा काठाशी आला. नानाजी गुडघाभर पाण्यात उतरला, दोन्ही हात त्याच्या पोटाखाली घातले आणि थबकला.

"हे काय याच्या ओठात?"

प्रयागबाईला खोटं बोलता आलं असतं. गळ काढून मासा सोडला असता तर बाळी डोहात राहिली असती, आणि कुणाला काही कळलं नसतं. नानाजीचं तोंड तिच्याकडे वळलेलं होतं, पाण्यानं ओलं. तिनं काठी खाली ठेवली आणि पाण्यात उतरली.

"माही बाळी हाये," ती म्हणाली. "तुमी गेले त्या साली घातली. तुमी परत या म्हनून. आले त काढाची होती. म्या काढली नाही."

"काहून?"

"तुमी राहा म्हनून. दुसरं काय?" तिचा आवाज चढला. "तुमी माशाले गळ लावता अन् सोडून देता. मलेबी तसंच लावलं अन् सोडलं. मंग म्याबी लावला तुमाले. पन म्या सोडला नाही. एवढी वर्सं नाही सोडला."

मासा नानाजीच्या हातांत कल्ले उघडत मिटत होता. त्यानं गळ काढला, सहज निघाला. मग मासा तसाच पाण्यात धरून तो तिच्यासाठी थांबला. बाळी काढणं त्याचं काम नव्हतं, हे त्याला न सांगता कळलं.

तिनं नखानं बाळीची टोकं फाकवली. चांदी झिजून धाग्यासारखी झाली होती, लगेच सुटली. तिच्या तळहातावर ती काळी, वाकडी, काहीच नसल्यासारखी पडली.

"तोंड धारेकडे कर त्याचं," नानाजी म्हणाला. "दम घेऊ दे." तिनं मासा दोन्ही हातांनी धरला. तो जड होता, गार होता, आणि हळूहळू त्याच्यात जोर येत गेला. तिनं हात काढून घेतले.

मासा गेला नाही. तिच्या पायांपाशी, तिच्या सावलीत, शेपटी हलवत उभा राहिला.

नानाजी त्याच्याकडे पाहत हलक्या आवाजात म्हणाला, "तिकडेबी एखादा असा करे. गळ काढला तरी जाये नाही. नावेच्या सावलीत उभा राहे. साहेब म्हने, थकला आहे. मले नव्हतं वाटत थकला म्हनून."

मग मासा वळला आणि निळ्यात गेला. पाणी हललं, निवांत झालं.

प्रयागबाईनं बाळी कनवटीला लावली. "झालं," ती म्हणाली. "आता तुमाले कोनी ओढत नाही. जायचं असन त जा. राहाचं असन त पुरते राहा. अर्धा मानूस मले नोको." आणि ती चढणीला लागली.

मागं वळायचं नव्हतं. मागे काठीचं टोक दगडांवर खरडत येत होतं, खर्र, खर्र, म्हणजे तो येत होता. पण वाट फाट्यापर्यंत एकच होती. फाट्यावर शालिग्रामनं हाक मारली, "वयनी, लागला का मासा?" तिनं मान वर केली नाही आणि गावाच्या वाटेला वळली. मागे काठीचा आवाज थांबला. दोघांचं काहीतरी बोलणं झालं, तिला शब्द कळले नाहीत. मग शालिग्रामनं बैलांना हाक दिली, घुंगरं वाजली, चाकं करकरली आणि गाडी कारंज्याकडे निघाली.

ती चालत राहिली. घुंगरं दूर दूर गेली. कान तिनं मागे लावलेच होते, पण धुळीच्या वाटेवर काही ऐकू येत नव्हतं, ना काठी, ना पाऊल. उजवीकडे जवसाचा तुकडा निळा फुलला होता आणि वारा त्याच्यावरून जात होता. वळून पाहायला मान अशी ओढ घेत होती, की तिनं पदराचं टोक दातांत धरलं. गेला असेल तर गेला. आपण सोडलं आहे, ओढून आणलेलं नाही, एवढं तरी आपलं खरं. तिला रडू येत होतं आणि त्याच वेळी खांद्यावरून काही उतरल्यासारखंही वाटत होतं. दोन्ही एकदम कसं वाटतं कोण जाणे, पण वाटत होतं.

घर आलं. तिनं उंबरा ओलांडला. तरी वळली नाही, वळायची आता छाती होईना. रांजणापाशी गेली, तांब्या हातात घेतला आणि तशीच उभी राहिली.

"तू ताण लय लवकर देते," अंगणातून आवाज आला. "काठी मोडली असती माही. पुढच्या मार्गशीर्षात नीट शिकवतो."

ती वळली. नानाजी अंगणात उभा होता. खांद्यावर काठी, काखेत बोचकं, पाय धुळीनं माखलेले. आत यायचं सोडून दारातच थांबला होता, पहिल्या दिवशी थांबला होता तसाच.

प्रयागबाईनं रांजणातून तांब्या भरला, बाहेर आली आणि त्याच्या पायांपाशी ठेवला.

"पाय धुवा," ती म्हणाली, "अन् आत या."